रमजानमध्ये घडलेल्या ऐतिहासिक घटना : कोणत्या तारखा तपासल्यावर टिकतात?

माणकाठ

नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाच्या भित्तिपत्रकाचा पुढील अंक रमजानच्या दिवसांत निघणार असून, त्यासाठी 'रमजान महिन्यात घडलेल्या ऐतिहासिक घटना' या विषयावरील लेखाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. विद्यार्थ्यांनी आणून दिलेला मजकूर व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरणाऱ्या एका यादीवरून घेतलेला दिसतो. त्या यादीत बद्रची लढाई, मक्केवरील विजय, तारिक बिन झियादचे स्पेनमध्ये उतरणे, झल्लाकाची लढाई, सलाहुद्दीनचा हत्तीन येथील विजय, ऐन जालूतची लढाई आणि १९७३ चे अरब-इस्रायल युद्ध अशा सात घटना आहेत. प्रत्येकीपुढे केवळ 'रमजान' असे लिहिले आहे. तारीख, हिजरी सन किंवा आधार यांपैकी काहीही दिलेले नाही.

माझी अडचण दोन प्रकारची आहे. यांपैकी कोणत्या घटना खरोखर रमजानमध्ये घडल्या आणि कोणत्या नुसत्याच उत्साहाने त्या महिन्यात बसवल्या आहेत, हे ठरवण्याची एखादी खात्रीची रीत आहे का? दुसरे असे की, यादीतील एकही घटना भारतातील नाही. आपल्याकडील, शक्य असल्यास महाराष्ट्रातील, एखादी घटना रमजानमध्ये घडली असेल आणि तिला पुरेसा आधार असेल, तर विद्यार्थ्यांना ती अधिक जवळची वाटेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिथीमित्र

आपल्या यादीतील चार नोंदी टिकतात, एक अर्धीच बरोबर आहे आणि दोन सरळ चुकीच्या आहेत. आधी रीत सांगतो, कारण पंचांग पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ती चटकन समजते.

हिजरी महिना अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाने सुरू होतो आणि आपला चांद्रमास अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपासून. त्यामुळे हिजरी तारीख आणि आपली तिथी यांच्यात सहसा एका-दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत नाही. रमजानची दहावी तारीख म्हटली की त्या दिवशी कोणत्या तरी चांद्रमासाच्या शुद्ध पक्षातील दशमी, एकादशी किंवा द्वादशी असलीच पाहिजे. तो चांद्रमास कोणता, हे मात्र बदलत राहते, कारण हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते आणि त्यात अधिक मास धरत नाहीत. साधारण ३३ वर्षांत रमजान सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा मूळ जागी येतो. म्हणजेच एखाद्या घटनेचा ऋतू ठाऊक असेल, तर त्या साली रमजान त्या ऋतूत होता की नाही एवढे पाहूनही पुष्कळशा नोंदी निकालात काढता येतात.

हत्तीनचे उदाहरण घ्या. सुलतान सलाहुद्दीन आणि ख्रिस्ती क्रूसेडर यांच्यातील ही लढाई ४ जुलै ११८७ रोजी झाली. क्रूसेडर फौज ऐन उन्हाळ्यात पाण्यापासून तोडली गेली आणि तहानेने खचली, हे त्या लढाईचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य आहे. हिजरी सन ५८३ मधील तो महिना रबिलाखर होता. त्या वर्षीचा रमजान नोव्हेंबरमध्ये आला. गंमत अशी की, त्या खऱ्या रमजानमध्ये सलाहुद्दीन काय करत होता हेही नीट ठाऊक आहे. जेरुसलेम त्याच्या हाती ऑक्टोबरच्या आरंभी, म्हणजे रजब महिन्यात आले होते आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून तो समुद्रकाठच्या टायर शहराला वेढा घालून बसला होता. ते शहर काही त्याला घेता आले नाही आणि नव्या वर्षाच्या आरंभी वेढा उठवावा लागला. या अपयशाचा उल्लेख कोणत्याही यादीत सापडत नाही आणि रजबमधील व रबिलाखरमधील यश मात्र रमजानच्या नावावर जमा होते. अशा याद्या तयार होतात कशा, हे एवढ्यावरून कळते.

स्पेनमधील झल्लाकाच्या लढाईची कथाही तशीच. उत्तर आफ्रिकेतील अल्मोराविद घराण्याचा अमीर युसुफ बिन ताशफीन याने कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो याचा पराभव केला तो २३ ऑक्टोबर १०८६ रोजी, हिजरी १२ रजब ४७९ ला. रमजान उजाडायला अजून दीड महिना होता. मुस्लिम सेनापती तारिक बिन झियादची नोंद अर्धी बरोबर म्हणतो ती यासाठी की, तो जिब्राल्टरला उतरला ते सन ७११ च्या वसंतात, रजबमध्ये. पण स्पेनचा व्हिसिगॉथ राजा रॉडरिक याच्याशी त्याची निर्णायक लढाई परंपरेने २८ रमजान ९२, म्हणजे जुलै ७११ च्या उत्तरार्धात झाली असे मानतात. आपल्या लेखात 'उतरणे' हा शब्द काढून 'रॉडरिकचा पराभव' असे लिहिले तर नोंद चालेल. शिवाय त्याच भूमीतून पुढे गेलेल्या अब्दुर्रहमान अल-गाफिकीचा फ्रान्समध्ये पुआतिएजवळ फ्रँकांचा नेता चार्ल्स मार्तेल याच्याकडून झालेला पराभव आणि त्याचा मृत्यू हीदेखील अरबी परंपरेनुसार ११४ च्या रमजानमधलीच घटना आहे. युरोपच्या इतिहासात ७३२ ची ही लढाई फार महत्त्वाची मानतात, परंतु पराभव असल्यामुळे ती यादीत येत नाही. इतिहास विभागाने तरी ती घ्यावी.

आता टिकणाऱ्या नोंदींविषयी. बद्रची लढाई १७ रमजान, हिजरी २ ची. त्याच वर्षी रमजानचे रोजे बंधनकारक झाले होते, म्हणजे हा त्या अर्थाने पहिलाच रमजान. मक्केचा अबू सुफियान सीरियातून मालाने लादलेला तांडा घेऊन परतत होता. त्याला अडवायला मदिनेहून तीनशेंहून थोडी अधिक माणसे निघाली. त्यांच्याजवळ दोन घोडे आणि सत्तरच्या आसपास उंट होते, त्यामुळे पाळीपाळीने बसावे लागत होते. तांडा वाट बदलून निसटला आणि त्याऐवजी मक्केहून आलेल्या हजारभर लोकांच्या फौजेशी गाठ पडली. मुसलमानांनी विहिरींच्या पुढे जाऊन तळ दिला आणि पाणी आपल्या ताब्यात ठेवले. मक्केचे सुमारे सत्तर लोक मारले गेले, त्यांत मक्केच्या फौजेचा प्रमुख अबू जहल होता, आणि तेवढेच पकडले गेले. मला या प्रसंगातील सर्वांत बोलका तपशील त्या कैद्यांचा वाटतो: ज्यांच्यापाशी खंडणी भरायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि सुटावे, असे ठरले.

मक्केवरील विजय रमजान, हिजरी ८ मधला. तारीख बहुधा २० देतात. मक्केच्या कुरैश टोळीशी झालेल्या हुदैबियाच्या तहानंतर कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या बाजूच्या खुजाआ टोळीवर हल्ला केला आणि तह मोडला. त्यानंतर सुमारे दहा हजारांची फौज मक्केवर आली आणि शहर जवळजवळ रक्तपाताविना हाती आले. या दोन्ही घटनांच्या इसवी तारखा, अनुक्रमे मार्च ६२४ आणि जानेवारी ६३०, देताना 'सुमारे' हा शब्द अवश्य लिहावा. जुन्या अरबस्तानात महिने पुढे ढकलण्याची 'नसी' नावाची प्रथा होती आणि ती हिजरी १० मध्ये बंद झाली; तिचे नेमके स्वरूप काय होते याबद्दल अभ्यासकांत एकमत नसल्यामुळे त्याआधीच्या दहा वर्षांतील हिजरी तारखांचे इसवी रूपांतर पक्के मानता येत नाही.

लोहगडवाट

तिथीमित्रांनी रीत सांगितलीच आहे, तर त्याच रीतीने तपासता येणारी महाराष्ट्रातील घटना सांगतो. ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे, फक्त ती रमजानमधली आहे हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शाहिस्ताखानावर घातलेला छापा ही ती घटना होय.

छाप्याची तिथी चैत्र शुद्ध अष्टमी, शके १५८५. इंग्रजी तारीख ५ एप्रिल १६६३, जुन्या पद्धतीची. जदुनाथ सरकारांनी ही रमजानची सहावी रात्र असल्याचे नोंदवले आहे. वरील रीतीने पाहिले तर शुद्ध अष्टमी आणि रमजानची सहावी-सातवी तारीख यांचा मेळ तंतोतंत बसतो. त्या वर्षी गुढीपाडव्यानंतर एक-दोन दिवसांतच रमजानचा चंद्र दिसला असला पाहिजे. २०२३ साली २२ मार्चला पाडवा आणि २४ मार्चला पहिला रोजा आला होता. १६६३ मधील मांडणी जवळपास तशीच होती.

आता या छाप्यात रमजानचा संबंध केवळ तारखेपुरता नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. खानाचा तळ पुण्यात पडून जवळजवळ तीन वर्षे झाली होती. भोवती मोठी फौज होती आणि सिंहगडाच्या वाटेवर जसवंतसिंहाची छावणी होती. इतक्या बंदोबस्तात शिरायचे तर माणसे कधी बेसावध असतात हे ठाऊक असणे गरजेचे होते. रमजानमध्ये दिवसभराचा उपवास सूर्यास्तानंतर सुटतो, रात्री पोटभर जेवण होते आणि चाकर-माणसे गाढ झोपतात. जाग असते ती फक्त मुदपाकखान्यात, कारण पहाटेपूर्वीच्या सहरीचा स्वयंपाक रात्रीच सुरू करावा लागतो. महाराजांची माणसे शिरली ती नेमकी मुदपाकखान्याच्या बाजूने. चूल पेटवायला उठलेले आचारी आवाज न होता मारले गेले. मुदपाकखाना आणि जनानखान्याच्या बाजूची खोली यांच्यामधला दरवाजा विटांनी बुजवलेला होता. त्या विटा काढून वाट केली गेली. कुदळीचा आवाज आणि जखमींचे कण्हणे ऐकून काही नोकर खानाला सांगायला गेले, पण किरकोळ गोष्टीसाठी झोपमोड केली म्हणून त्यानेच त्यांना दटावले. स्वयंपाकघरात रात्री खुडबुड होणे हे त्या महिन्यात नेहमीचेच, म्हणून तो बेफिकीर राहिला असावा, असे मला वाटते. पण हा माझा तर्क आहे, लेखात घेतल्यास तर्क म्हणूनच घ्यावा.

पुढचे सर्वांना माहीत आहे. भगदाडातून चिमणाजी बापूजी आणि त्याच्या मागोमाग महाराज व त्यांची माणसे आत गेली. जनानखान्यातील पडद्यांमागून वाट काढत ती खानापर्यंत पोहोचली. त्याच्या हाताची बोटे तुटली. कोणा शहाण्या बाईने दिवे मालवले आणि अंधारात दासींनी खानाला उचलून नेले म्हणून त्याचा जीव वाचला. त्याचा मुलगा अबुल फत्ह धावून आला आणि मारला गेला. मराठ्यांची काही माणसे नगारखान्यात घुसली आणि तिथल्या वाजंत्र्यांना जोराने वाजवण्याचा हुकूम खानाच्या नावाने दिला, त्यामुळे गोंधळात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येईना.

यातच चंद्राचाही मुद्दा येतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे पुण्यापर्यंत पोहोचायला आणि शहरात शिरायला रात्रीच्या पूर्वार्धात थोडाफार उजेड मिळाला, तर छाप्याला व निसटायला उत्तरार्धातील अंधार मिळाला. चांद्रमासाच्या पहिल्या आठवड्यातील रात्रीच असे दोन्ही फायदे देऊ शकतात.

आणखी एक. खान पुण्यात प्रथम दाखल झाला ती तारीख ९ मे १६६० दिली जाते. गणित मांडले तर तोही दिवस रमजानमध्येच, हिजरी १०७० च्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पडतो. तीन वर्षांत रमजान मेच्या आरंभापासून मार्चच्या अखेरीपर्यंत मागे सरकला आणि योगायोगाने खानाचे येणे व त्याच्यावरचा घाला दोन्ही त्याच महिन्यात आले.

कृष्णाकाठचा अनीस

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले. यादी करणारे लोक तारखेपाशी थांबतात. माझ्या मते खरा प्रश्न असा असतो की, रमजान असल्यामुळे त्या घटनेत काही फरक पडला का? लाल महालात तो पडलेला दिसतो. इतर घटनांपैकी काहींत पडला आणि काहींत मुळीच नाही.

मक्केच्या स्वारीतच याचे एक चांगले उदाहरण आहे. मदिनेहून निघताना पैगंबर आणि त्यांचे सोबती रोजाने होते. मक्केच्या वाटेवर कदीद नावाच्या पाणवठ्यापाशी पोहोचल्यावर पैगंबरांनी सर्वांदेखत रोजा सोडला आणि लोकांनीही सोडला, असे हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत) इब्न अब्बास यांच्या हवाल्याने आले आहे. प्रवासात आणि लढाईच्या तोंडावर रोजा सोडण्यास मुभा आहे, या नियमाच्या चर्चेत पुढील काळातील विद्वानांनी या प्रसंगाचा आधार घेतला.

त्याच मुभेचा प्रश्न दमास्कसच्या दक्षिणेला शकहब येथे पुन्हा आला. एप्रिल १३०३ मध्ये, रमजान ७०२ च्या अगदी पहिल्या दिवसांत, इराणचा मंगोल राज्यकर्ता (इलखान) गाझान याच्या फौजेशी इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या सैन्याची गाठ पडली. धर्मपंडित इब्न तैमिया त्या सैन्यासोबत होता. सैनिकांनी रोजे सोडावेत असा फतवा त्याने दिला. एवढेच नव्हे, तर लोकांचा संकोच जावा म्हणून हातात काहीतरी खाण्याचे घेऊन तो तुकड्यांमधून खात हिंडला, असे सांगतात. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इब्न तैमियाची ख्याती अतिशय कडक विद्वानाची आहे. ममलूकांचा विजय झाला आणि सीरियावरील मंगोलांच्या मोठ्या स्वाऱ्या त्यानंतर थांबल्या.

याउलट पॅलेस्टाईनमधील ऐन जालूत. तारीख पक्की आहे: शुक्रवार, २५ रमजान ६५८, म्हणजे ३ सप्टेंबर १२६०. पण या लढाईची कारणे रमजानच्या बाहेरची आहेत. मंगोल सेनानी हुलागूने १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केले आणि १२६० मध्ये सीरिया घेतला, परंतु मंगोलांचा सम्राट (खाकान) मोंगके मेल्याची बातमी आल्यावर तो बहुतेक फौज घेऊन पूर्वेकडे परतला आणि किटबुका या सरदाराजवळ थोडी शिबंदी ठेवून गेला. कैरोच्या ममलूक सुलतान कुतुझने मंगोल वकिलांना ठार करून त्यांची मुंडकी झुवैला दरवाजावर टांगली होती, त्यामुळे तडजोडीची वाट उरलेली नव्हती. त्याचा सरदार बैबर्स याने पुढे जाऊन मंगोलांना डोंगरांमध्ये दबा धरून बसलेल्या सैन्याच्या टप्प्यात ओढले. किटबुका मारला गेला. विजयी कुतुझदेखील कैरोला पोहोचला नाही. परतीच्या वाटेवर बैबर्सने आणि त्याच्या साथीदारांनी त्याचा खून केला आणि बैबर्स सुलतान झाला. याच बैबर्सने आठ वर्षांनंतर, ४ रमजान ६६६ रोजी, म्हणजे मे १२६८ मध्ये, क्रूसेडरांकडून अंताकिया (अँटिओक) घेतले आणि तिथे भीषण कत्तल झाली. विद्यार्थ्यांच्या लेखात पहिली घटना घ्यायची आणि दुसरी वगळायची, हे योग्य होणार नाही.

माणकाठ यांना एक विनंती अशी की, सगळा लेख लढायांचा होऊ देऊ नये. कैरोच्या अल-अझहर मशिदीत पहिली नमाज ७ रमजान ३६१ रोजी, म्हणजे जून ९७२ मध्ये झाली. फातिमी घराण्याचा खलिफा अल-मुइझ याच्यासाठी जौहर या सेनापतीने ती बांधवली. ती आरंभी इस्माइली शियांची होती आणि आज सुन्नी जगातील सर्वांत मोठ्या विद्यापीठांपैकी एक तिथे आहे. मुंबईतील दाऊदी बोहरा समाज आपली परंपरा याच फातिमींकडे नेतो. चंद्रदर्शनाऐवजी ठरलेल्या गणिताचे कॅलेंडर ते वापरतात, म्हणूनच त्यांचा रमजान आमच्यापेक्षा एक-दोन दिवस आधी सुरू होतो. तारखांमधील एका दिवसाचा फरक कुठून येतो हे विद्यार्थ्यांना दाखवायला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

आणि पैगंबरांचे जावई व चौथे खलिफा हजरत अली यांचा मृत्यू तर कोणत्याही यादीत सर्वांत आधी यायला हवा. १९ रमजान, हिजरी ४० रोजी कुफा येथील मशिदीत इब्न मुल्जम या खारिजी (अलींच्या विरोधात गेलेल्या) पंथाच्या माणसाने त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार केला आणि २१ तारखेला ते गेले. शिया घरांमध्ये आजही ते तीन दिवस शोकाचे असतात. तुमच्या सात नोंदींमध्ये ही घटना नसणे, हे यादी कोणत्या दृष्टीने केली आहे ते सांगते.

सह्यकडा

भारतातील आणखी तीन-चार तारखा थोडक्यात देतो.

बाबर फरगण्याच्या गादीवर आला तो रमजान ८९९ मध्ये, जून १४९४ ला. त्याच्या आत्मचरित्राची सुरुवातच या वाक्याने होते. अख्सीच्या किल्ल्यात दरीच्या कडेवर असलेला कबुतरखाना कोसळून त्याचा बाप उमर शेख मिर्झा मेला आणि बारावे वर्ष चालू असलेला मुलगा राजा झाला. ही घटना भारतात घडली नसली तरी भारताच्या इतिहासातच मोजावी लागते.

मेरठचे शिपाई होड्यांच्या पुलावरून यमुना ओलांडून दिल्लीत आले आणि बहादूरशहा जफरच्या झरोक्याखाली जमले तो ११ मे १८५७ चा दिवस रमजानचा सोळावा होता. पुढील दोन आठवडे दिल्ली शहर बंडवाल्यांच्या ताब्यात असतानाच तिथे रोजे चालू होते आणि ईदही तशातच झाली.

१५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, रमजानमधला शेवटचा जुम्मा. पाकिस्तानात ती तारीख २७ रमजान १३६६ अशी सांगतात, आणि सत्ताविसावी रात्र ही कुराणाच्या अवतरणाची रात्र मानली जात असल्यामुळे तिकडे तिला विशेष अर्थ चिकटला. तारीख निवडताना मात्र रमजानचा विचार नव्हता. माउंटबॅटनने ती जपानच्या शरणागतीच्या वर्षदिनावरून धरली. याउलट आदल्या वर्षीची १६ ऑगस्ट १९४६, म्हणजे १८ रमजान १३६५. या दिवशी मुस्लिम लीगने पुकारलेल्या प्रत्यक्ष कृतिदिनाच्या (डायरेक्ट ॲक्शन डे) आवाहनांमध्ये बंगालमध्ये बद्रचे स्मरण उघडपणे करून देण्यात आले होते आणि कलकत्त्यात चार दिवसांत हजारो माणसे मेली. अनीस यांनी केलेला भेद इथेही लागू पडतो, फक्त क्लेशकारक रीतीने.

१९७३ च्या युद्धाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून तेही सांगतो. ६ ऑक्टोबर १९७३ म्हणजे १० रमजान १३९३, ज्यूंचा योम किप्पूर. आपल्याकडे दसऱ्याचे दिवस होते. तिन्ही कालगणना चंद्रावर चालत असल्याने महिन्याचा दहावा दिवस सगळीकडे जवळपास सारखाच येतो. इजिप्तने सुवेझ कालवा ओलांडण्याच्या कारवाईला 'बद्र' हे नाव दिले होते आणि सैनिकांना रोजा सोडण्याची परवानगीही होती. दिवस निवडताना इजिप्तच्या लष्कराने कालव्यातील प्रवाह, योम किप्पूरची सुट्टी आणि चंद्र या सर्वांचा विचार केला: पूर्वरात्री पूल बांधायला चांदणे हवे आणि नंतर फौज पार करायला अंधार हवा. लोहगडवाट यांनी अष्टमीच्या चंद्राबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी हे ताडून पाहावे. इस्रायलने उभारलेला वाळूचा उंच बांध मोठ्या पंपांनी पाण्याचे फवारे मारून फोडला गेला, हा त्या दिवसाचा सर्वांत कल्पक भाग होता.

माणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लेखाचा आराखडा आता पुरता बदलला आहे. लाल महाल मुख्य प्रकरण म्हणून घेतो, आणि हत्तीन व झल्लाका यांची चौकट 'या घटना रमजानमधल्या नाहीत' अशा मथळ्याने देतो. एक शंका राहिली आहे. ५ एप्रिल १६६३ ला आपण 'जुन्या पद्धतीची' तारीख म्हटले आहे. संगणकावरील हिजरी रूपांतराच्या सोयी वापरून पाहिले तर ५ एप्रिलला रमजान सुरूही झालेला दिसत नाही. विद्यार्थी हे नक्की विचारतील. शिवाय औरंगजेबाच्या काळातील कागदांवर जुलूस सन (बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेले राज्यवर्ष) असतो, त्याचा रमजानशी काही संबंध आहे असे ऐकले होते, ते खरे आहे का?

तिथीमित्र

दोन्ही शंकांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते.

सतराव्या शतकात इंग्रज अजून ज्युलियन कॅलेंडर वापरत होते आणि शिवकालाविषयी लिहिणाऱ्या बहुतेक इतिहासकारांनी तीच पद्धत ठेवली आहे. रूपांतराच्या सोयी मात्र ग्रेगोरियन तारीख धरतात. त्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते, म्हणून ५ एप्रिलऐवजी १५ एप्रिल १६६३ घालून पाहावे. उत्तर रमजानची सहा किंवा सात येईल. एका दिवसाचा फरक चंद्रदर्शनामुळे, तसेच हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो यामुळे राहतो. रात्रीच्या घटनेत हा दुसरा मुद्दा विसरू नये: आपल्या हिशेबाने जी पाच एप्रिलची रात्र, ती हिजरी हिशेबाने पुढच्या तारखेची असते. मराठी कागदांतही हिजरी महिने सर्रास आढळतात. 'छ' हे अक्षर घालून पुढे चंद्राची तारीख आणि महिना लिहिण्याची पद्धत पेशवाईअखेरपर्यंत चालू होती, त्यामुळे हे रूपांतर येणे दप्तरात काम करणाऱ्याला भागच आहे.

आता जुलूस सन. औरंगजेबाने थोरला भाऊ दारा शुकोह याचा समूगढ येथे पराभव केला तो २९ मे १६५८, जुन्या पद्धतीने, म्हणजे ७ रमजान १०६८. आग्र्याजवळचा तो उन्हाळा इतका कडक होता की, जखमांइतकीच माणसे उष्म्याने मेली असे वर्णन येते. दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, हौदा रिकामा पाहून फौजेला तो पडल्यासारखे वाटले आणि पळापळ झाली. त्याच रमजानमध्ये औरंगजेबाने आग्र्याच्या किल्ल्याचे यमुनेचे पाणी तोडले आणि शहाजहानला, ज्याला त्यामुळे विहिरीचे मचूळ पाणी प्यावे लागत होते, दरवाजे उघडणे भाग पाडले. औरंगजेबाचा पहिला राज्यारोहण विधी दिल्लीबाहेरच्या शालिमार बागेत जुलै १६५८ मध्ये झाला आणि मोठ्या थाटाचा दुसरा विधी २४ रमजान १०६९ रोजी, जून १६५९ मध्ये. परंतु राज्यवर्षे मोजण्यासाठी यांपैकी कोणताही दिवस घेतला नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून १ रमजान १०६८ हा आरंभ ठरवण्यात आला. म्हणून त्याच्या दरबारातील प्रत्येक नवे जुलूस वर्ष रमजानच्या पहिल्या तारखेला बदलते आणि तारीख लावताना हे ध्यानात न घेतल्यास एका वर्षाची चूक होते.

याच मोजणीने १ रमजान १०७३ रोजी त्याचे सहावे जुलूस वर्ष सुरू झाले. लाल महालाचा छापा त्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातला आहे. बादशहाला ही बातमी मेच्या आरंभी, काश्मीरच्या वाटेवर असताना कळली आणि त्याच सहाव्या वर्षात, डिसेंबर १६६३ मध्ये, शाहिस्ताखानाची बंगालला बदली झाली.